‘पेरेवोज’चा सत्कार

—अहो असू दे, बिल्ला हरवला तर हरवला, त्यात एवढं काय! मॉस्कोचा कोट मी डोळे मिटून ओळखेन — आमच्याकडं नोव्हेंबरात एवढ्या पातळ कोटात कुणी अंगणातसुद्धा जात नाही. हा घ्या. पण घालू नका इतक्यात, घाम येईल आणि मग बाहेर पडल्यावर बाधेल. गाडी अजून आली नाही ना? मग बसा इथं, रेडिएटरजवळ. ती खुर्ची डुगडुगते, दुसरी घ्या. तुम्ही लवकर उठलात — आत अजून रुमालवाल्या मुलींचा नाच व्हायचाय, ल्याडोव साहेबांचं भाषण व्हायचंय, मग खाणंपिणं. रेल्वे गाठायची म्हणता? बरं. मी आपली विचारते. नाहीतर कार्यक्रम अर्ध्यावर सोडून कुणी उठत नाही, आणि बक्षिसाचा तो काचेचा तुकडा तर तुम्हीच दिलात ना आत्ता? हो हो, ऐकलं मी, ते दार नीट लागत नाही, सगळं ऐकू येतं इथं. ‘प्रादेशिक वृत्तपत्राच्या आर्थिक आणि संपादकीय स्वातंत्र्यासाठी.’ छान वाचलंत. अडखळला नाहीत कुठं.

मी? मी ताइसिया येफिमोव्ना. कोट सांभाळते. त्याआधी? त्याआधी पेपरात होते. नाही, कुठल्या दुसऱ्या नाही — ह्याच. ‘पेरेवोज’मध्ये. पेरेवोज म्हणजे तरीचा घाट, होडीनं नदी ओलांडायची जागा, ते नाव मीच सुचवलेलं. पूर्वी त्याचं नाव ‘साम्यवादाच्या वाटेवर’ होतं, आणि लोक म्हणायचे, वाटेवरच आहे अजून, पोचत काही नाही. हसलात! हसा, हसा. आतल्या भाषणांत कुणी हसवलं नसेल तुम्हाला. नाही — तसं सांगण्यासारखं काही नाही, तुम्हाला सगळं माहीत असेल, तुमच्या संस्थेकडं सगळी माहिती असते — एल्विरा ल्वोव्ना आहेत का अजून? नाहीत? केव्हा? … अरेरे. मला कुणी कळवलं नाही. मला कोण कळवणार म्हणा. थांबा, एक मिनिट… नाही, काही नाही. धूर होतो ह्या जुन्या गालिच्यांचा. धूर नाही, धूळ. बसा तुम्ही.

त्या पहिल्यांदा भेटल्या तेव्हा मी तुमच्याएवढी असेन, थोडी मोठी. तुम्हाला ‘तू’ म्हटलं तर चालेल ना? माझी जीभ फार वेळ ‘तुम्ही’वर टिकत नाही. तर बघ — नव्वदचं दशक, पगार सहा-सहा महिने नाही, आणि प्रांताच्या राजधानीत तुमच्या संस्थेनं शिबिर ठेवलेलं, गावोगावच्या पेपरवाल्यांना बोलावलेलं. आम्ही दोघं गेलो, मी आणि संपादक, रोदिओन माकारोविच. आम्हाला वाटलं, निदान जेवण तरी मिळेल. आणि समोर ही बाई, केस पोरासारखे कापलेले, सिगरेट हातात, विचारते — तुमचा पेपर कोण वाचतं? तर रोदिओन माकारोविच उठून सांगतात, जिल्ह्याचे प्रमुख वाचतात! सगळे हसले. ती नाही हसली. ती म्हणाली, “तुमच्या गावात काल कोण गेलं? कुणाचं लग्न लागलं? पाण्याची नळी कुठं फुटलीय? हे आहे तुमच्या अंकात? नाही? मग तुम्ही पेपर काढत नाही, भिंतीवर चिकटवायची सूचना काढता. आणि जो पगार देतो त्याचीच सूचना.” रोदिओनचे कान असे लाल झाले! परतीला बसनं निघालो. मधल्या थांब्यावर कोबी भरलेले पाव, पिरोश्की, घेतले, गरम गरम, आणि तोंडात घास तसाच ठेवून म्हणतो, “ताया, आपण सरकारी पैसा सोडूया.” मी म्हटलं, आधी गिळ, मग बोल.

पण सोडला. खरंच सोडला! आणि सोडताना एक गोष्ट केली — पेपर सगळ्यांच्या नावावर केला. जे काम करत होते ते सगळे मालक. सात जण होतो, छायाचित्रकारापासून हिशेब बघणाऱ्या नेल्लीपर्यंत. एल्विरा ल्वोव्नानीच सांगितलेलं, एकाच्या नावावर असला तर एकाला विकत घेता येतं, सातांना घेणं अवघड. अवघड म्हणाल्या. अशक्य नाही म्हणाल्या, हे मला नंतर आठवलं.

जिल्ह्याच्या जुन्या प्रमुखानं पहिल्यांदा आम्हाला कचेरीतून काढलं. मग फोन तोडला. मग पोस्टानं अंक वाटायला नकार दिला — पिशव्या जड होतात म्हणे. प्रांताच्या छापखान्यानं कळवलं, मशीन बिघडलंय. एकट्या आमच्यापुरतं बिघडलेलं मशीन, बाकी सगळे छापून घेत होते! मग आम्ही जुन्या सार्वजनिक न्हाणीघरात संसार मांडला — भिंतींना पांढऱ्या फरश्या, टेबलाखाली पाणी जायची मोरी, कागद सगळा दमट — आणि छापायला नदीपलीकडं, तिथून पुढं शेजारच्या प्रांतात. हिवाळ्यात बर्फावरून गाडी घालायची, मांडीवर गठ्ठे, दार अर्धं उघडं, म्हणजे बर्फ फुटलाच तर उडी मारता यावी. उडी मारून जाणार कुठं, ते कुणी विचारलं नाही. आणि वाटायला आज्या. होय, आज्या! प्रत्येक इमारतीत एक अशी म्हातारी असतेच, जिला कोण कधी आलं, कोण कुणाकडं गेलं, सगळं ठाऊक असतं. अशा सगळ्या गोळा केल्या मी. पोस्टमन पत्र टाकून जातो. आजी अंक हातात देते, आणि वर सांगते, तिसरं पान वाच, तुझ्या मेव्हण्याचं आलंय. दर आठवड्याला खप वाढत गेला. जाहिराती तर — गाय विकणे आहे, न्हाणीची भट्टी विकणे आहे, लग्नासाठी बाई पाहिजे, स्वतःची बकरी असल्यास उत्तम. ती बकरीची जाहिरात मीच घेतलेली. लग्न झालं त्यांचं! बकरीसकट.

आणि मग बॉयलरचा हिवाळा. ते तर सांगितलं असेल ना आत, पडद्यावर चित्रं दाखवली असतील? दाखवली. मला वाटलंच. पण चित्रात थंडी दिसत नाही, पोरी. अख्ख्या गावाला एक बॉयलरघर, तिथून सगळ्या घरांत गरम पाणी जातं, आणि ते ऐन जानेवारीत विझलं. उणे पस्तीस. पोरं शाळेत हातमोजे घालून लिहायची, आमच्या खालच्या मजल्यावरच्या म्हातारीनं पुस्तकांचं कपाट जाळलं — पुस्तकं ठेवली, कपाट जाळलं. प्रमुख म्हणतो, तेल वेळेवर आलं नाही. रोदिओननं शोधून काढलं — तेल आलं होतं. आलं होतं आणि प्रमुखाच्या साडूनं दुसरीकडं विकलं होतं. आम्ही छापलं. नावासकट, टँकरच्या क्रमांकासकट. पहिल्या रात्री खिडकीतून वीट आली. रोदिओन कुऱ्हाड मांडीवर घेऊन न्हाणीघरात बसून राहिला, शेंदरी दाढी, डोक्यावर माझी लोकरीची टोपी, कारण त्याची सापडेना — आणि सकाळी उजाडतंय तर दाराशी माणसं! मी घाबरले, वाटलं मारायला आले. तर कुणी बटाटे आणलेले, कुणी खारवलेल्या कोबीची बरणी, एकानं घरातली लोखंडी शेगडी काढून आणलेली, म्हणे तुम्ही गारठलात तर पेपर कोण काढणार? प्रमुख वसंतापर्यंत टिकला नाही. मी तुला सांगते, त्या दिवसांत मी जमिनीवर चालत नव्हते. आणि रोदिओनकडं बघायचे — सगळे बघायचे, माझं काही वेगळं नाही — आणि वाटायचं, ह्या माणसाला कुणी वाकवू शकत नाही.

नाही, वाकवलं नाहीच कुणी. तेच तर. धमक्या देऊन दमले सगळे — आगीचे निरीक्षक आले, आरोग्याचे आले, कराचे तर आमच्याकडंच चहा प्यायला लागले — काही झालं नाही. मग नवा प्रमुख म्हणून ल्याडोव आला. हा आत्ता पहिल्या रांगेत बसलाय तो, निळ्या टायचा. तरुण, शिकलेला, आवाज कधी चढवत नाही. पहिल्याच दिवशी स्वतः चालत न्हाणीघरात आला. म्हणाला, “रोदिओन माकारोविच, मी विद्यार्थी असताना तुमचा बॉयलरचा लेख कापून ठेवला होता.” आणि खरंच ठेवला होता, खिशातून काढून दाखवला! मी तेव्हाच ओळखायला हवं होतं, नाही का? कोण असा कात्रण खिशात घेऊन फिरतं? पण मीही विरघळले. आम्हाला इतकी वर्षं कुणी आदरानं हाकच मारली नव्हती. मग मासे धरायला बोलावणं, मग वाढदिवसाला बोलावणं, मग जुनी कचेरी परत — घ्या, तुमचीच आहे, कोरड्या भिंती, मोठ्या खिडक्या. मी म्हटलं, न्हाणीघर बरं आहे. तर नेल्ली म्हणाली, “तुझं बरं आहे गं, तुझे गुडघे अजून धड आहेत.” तिचंही खरंच होतं. तिचे गुडघे त्या ओलीनंच गेले.

आणि मग फाइनाचं प्रकरण.

नाही, ते आत सांगणार नाहीत. ते पडद्यावर नाही.

फाइना आमच्या प्रसूतिगृहातली दाई. अर्धं गाव तिच्या हातावर जन्मलेलं. ते प्रसूतिगृह बंद करायचं ठरलं — खर्च परवडत नाही, बायकांनी प्रांताच्या इस्पितळात जायचं, नदीपलीकडं. ठीक आहे, हिवाळ्यात बर्फावरून जाता येतं, उन्हाळ्यात तरीनं. पण एप्रिलात? बर्फ फुटत असतो तेव्हा ना गाडी चालत ना होडी, आठवडा-दोन आठवडे आम्ही बेटावर असल्यासारखे. हे गावातल्या मांजरालाही ठाऊक आहे. आणि एप्रिलात एक पोरगी अडली, दुकानात काम करायची, पहिलटकरीण. प्रसूतिगृहाला कुलूप. फाइना धावली, किल्ली कुणी देईना, शेवटी घाटावर पावाच्या गाडीत, पावाच्या फळ्या बाजूला करून… आई वाचली. मूल नाही वाचलं. फाइना माझ्याकडं आली ती तशीच, बाहीवर रक्त वाळलेलं. माझ्या स्वयंपाकघरात बसली आणि तासभर नुसता चहा ढवळत होती, साखर न घालता.

तिनं सगळं सांगितलं. पण म्हणाली, नाव नको घालू, ताया. माझी दोन वर्षं राहिलीत निवृत्तीला. आणि मी — मी तिला म्हटलं, फाइना, नाव नसलं तर म्हणतील बायकांच्या गप्पा. नाव घातलं तर उत्तर द्यावं लागेल त्यांना. आमच्या पेपरात नावाला वजन आहे, बॉयलरच्या वेळी पाहिलंस ना? तिनं कपातला चमचा काढून बशीत ठेवला. मग म्हणाली, बरं, लिही. आणि वडिलांचं नावही लिही, नाहीतर दुसरी फाइना पण आहे गावात, तिला त्रास नको.

मी लिहिलं. आयुष्यात इतकं चांगलं मी कधी लिहिलं नाही — आपणच आपलं सांगू नये, पण लिहिलं. रोदिओनला दिलं. त्यानं उभ्या उभ्या वाचलं, चष्मा काढला, डोळे पुसले. खरंच पुसले! हे मी आजही मान्य करते, ते रडणं खोटं नव्हतं. म्हणाला, “ताया, हे पहिल्या पानावर जाईल.” आमचा अंक गुरुवारी निघायचा. मंगळवारी दिलं मी त्याला.

गुरुवारी सकाळी बाजारात दूध घ्यायला गेले तर एका आजीच्या हातात अंक, अजून शाई ओली. मी म्हटलं, दाखवा. पहिल्या पानावर ल्याडोव, बर्फावरून घसरायच्या नव्या वाटेचं उद्घाटन करताना. लाल फीत, कात्री, पाठीमागं पोरं. एप्रिलात! बर्फ वितळतोय आणि हा घसरायची वाट उघडतोय! मी पानं उलटली. दुसरं, तिसरं, शेवटचं, जिथं गाई-बकऱ्या असतात ते. कुठंच नाही. आजी म्हणते, “काय शोधतेस, कुणी गेलंय का?” मी म्हटलं, हो.

तरी मला वाटलं, जागा नसेल. माणूस कसा असतो बघ — डोळ्यासमोर दिसत असतं आणि आपणच त्याची बाजू मांडत असतो. जागा नसेल, पान बदललं असेल, पुढच्या आठवड्यात येईल. फाइनाला आधी सांगावं म्हणून तिच्या घरी गेले. दार तिनंच उघडलं, घरातल्या झग्यात. गुरुवारी सकाळी, कामाच्या वेळी, घरात! म्हणाली, “काल काढलं मला. ‘वृत्तपत्राला खोटी माहिती पुरवल्याबद्दल.’ मी सकाळपासून वाट बघतेय, तुझा अंक येईल, लोक वाचतील. आणलास?”

काल. तुला कळलं का? बुधवारी काढलं तिला. अंक गुरुवारी निघतो. आणि जे गुरुवारीसुद्धा कुठं छापलं नव्हतं, ते बुधवारी त्यांना ठाऊक होतं. तो लेख जगात तिघांनीच बघितलेला — मी, फाइना, कारण मी तिला वाचून दाखवला होता, आणि तो.

मी दारात उभी होते. तिलाही कळलं, मला कळतंय ते. फाइना काही फार शिकलेली नाही, पण आयुष्यभर बायकांचे चेहरे वाचत आली. आत ये म्हणाली नाही. ओरडलीही नाही, ओरडली असती तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाली, “वडिलांचं नावसुद्धा सांगितलं होतं मी तुला.” आणि दार लावून घेतलं. हळू लावलं. उन्हाळ्यात लेकीकडं त्युमेनला निघून गेली, परत आली नाही.

मग काय — मग मी दिवसभर कचेरीत गेले नाही. संध्याकाळी तो आला, बूट काढले, हात धुतले, विचारलं, जेवायला काय आहे. मी म्हटलं, बकव्हीटची लापशी आहे, आणि फाइनाला काढलंय. तो टॉवेलला हात पुसत राहिला, पुसत राहिला…

हो, घरी. आमच्या घरी. का, तुला कुणी सांगितलं नाही? नवरा आहे माझा. म्हणजे — होता म्हणू की आहे म्हणू, मलाच कळत नाही. आडनाव एकच आहे आमचं. हे मी सांगणार नव्हते, पण निघालं तोंडातून, आता काय. त्या बसमध्ये पिरोश्की खाताना आमच्या लग्नाला आठ वर्षं झाली होती. तुला काय वाटलं, संपादक काय सगळ्यांनाच ‘ताया’ म्हणतो?

तर मी विचारलं, “रोद्या, तू ल्याडोवला दाखवलंस?” तो म्हणतो, “दुसऱ्या बाजूचं म्हणणं घ्यावं लागतं. तो नियम आहे, एल्विरा ल्वोव्नानीच शिकवलेला. मी त्याची प्रतिक्रिया मागितली.” मी म्हटलं, “प्रतिक्रिया मागताना प्रश्न पाठवतात. अख्खा लेख पाठवतात? नावासकट?” मी म्हटलं, “फाइना तुझ्या भाचीच्या वेळी सबंध दिवस उभी होती.” तर म्हणतो, “मला वाटलं नव्हतं, तो असं करेल.” आणि मग, भांड्याकडं बघत — “आपला करार आहे त्यांच्याशी, ताया. जानेवारीपासून. दोन पानं त्यांची. त्यावर सगळ्यांचा पगार चाललाय. तुझासुद्धा.” मी म्हटलं, कुठला करार? कुणी केला? सात मालक आहेत, मला कुणी विचारलं? तो म्हणतो, “सगळ्यांना माहीत होतं. फक्त तुला सांगितलं नाही.” का नाही सांगितलं? “सांगितलं असतं तर तू ऐकलं असतंस का?”

नाही ना ऐकलं असतं! म्हणूनच तर सांगायचं असतं, पोरी! त्यासाठीच तर सात जणांच्या नावावर केला होता, एकानं तरी नाही म्हणावं म्हणून! बर्फावरून गठ्ठे आणले तेव्हा मी मोजले होते का, की हा माझा पगार आणि हा दुसऱ्याचा? आणि जानेवारी ते एप्रिल — चार महिने रोज सकाळी माझ्यासमोर बसून चहा प्यायला तो. नेल्ली माझ्या शेजारच्या टेबलावर बसून त्यांच्या पैशाचा हिशेब लिहीत होती आणि मला विचारत होती, काकडीची रोपं देशील का ह्या वर्षी. दिली मी! खोक्यात घालून घरी पोचवली!

मी बैठक बोलावली. तो हक्क होता मला. म्हटलं, करार मोडा, फाइनाचं छापा, उशिरा का होईना, पहिल्या पानावर. मतदान घ्या. आता बघ, मी काही भाबडी नाही, रोदिओनचं मत मला मिळणार नाही हे ठाऊक होतं. पण बाकीचे? ज्यांनी त्या मोरीवर फळी टाकून बसून पेपर काढला ते? छायाचित्रकार म्हणाला, माझ्या मुलाला ल्याडोवच्या खात्यात नोकरी लागलीय, मला यात ओढू नका. एकजण म्हणाली, तुझं बरोबर आहे, ताया, अगदी बरोबर आहे, आणि बरोबर आहे बरोबर आहे म्हणत दुसऱ्या बाजूला हात वर केला. नेल्लीनं खिडकीकडं बघत हात वर केला. माझ्याकडं बघून केला असता तर मी कदाचित… नाही, नसतं केलं माफ. माझा एकटीचा हात वर राहिला, आणि तो खाली कधी घ्यायचा तेच मला कळेना. शेवटी रोदिओनच म्हणाला, “पुरे, ताया. दिसला.”

त्या दिवशी उठले ती परत गेले नाही. वाचनालयात जागा होती, दिली नाही. शाळेत नाही. इथल्या बाईनं ठेवलं, संस्कृतीभवनाच्या, तीही म्हणाली, कोटांच्या खिडकीशी बस, आतल्या बाजूला असतेस, कुणाला फारशी दिसत नाहीस. सगळं गाव इथं कोट काढून देतं मला. काहीजण बिल्ला घेताना डोळे खाली घालतात. नेल्ली येतच नाही, गुडघ्यांचं कारण आहे तिला.

घर? घर कुठं बदलणार? एकच घर आहे, दोन खोल्या. तो एकीत, मी एकीत. स्वयंपाकघर दोघांचं. बोलत नाही आम्ही. म्हणजे — मिठाची बरणी कुठं आहे, नळवाला कधी येणार, एवढं बोलतो. माणसांना वाटतं, सोडून जावं, दार आपटून जावं. अगं जायला दुसरं दार लागतं ना कुठंतरी.

तू अशी बघू नकोस माझ्याकडं. तुझा काय दोष? तुला कागदावर जे दिलं ते तू वाचलंस. पेपर सरकारी नाही — नाहीच. कर्ज नाही — नाही. सात मालक — आता सहा, पण आहेत. बंद पडला नाही, इतके बंद पडले, हा चालू आहे. सगळं खरं आहे! तुमच्या तक्त्यात तो बसतो. फाइनासाठी तुमच्या तक्त्यात रकाना नसेल, तिला कुठं बसवणार?

आणि एक सांगू? तो वाईट संपादक नाही, अजूनही नाही. मृत्यूच्या बातम्या कुणी त्याच्यासारख्या लिहीत नाही. ह्या मार्चमध्ये घाटावरचा तरवाला गेला तर असं लिहिलं होतं त्यानं की मी सुरुवातीपासून शेवटपर्यंत… म्हणजे वाचते मी, हो. वाचावंच लागतं. बुधवारी सकाळी तो पानं स्वयंपाकघराच्या टेबलावर ठेवतो. काही बोलत नाही, ठेवतो आणि अंघोळीला जातो. लाल पेन्सिल शेजारी. आणि मी — अगं, चुका बघवत नाहीत गं! क्रियापद एकीकडं, कर्ता दुसरीकडं, नव्या पोरांना स्वल्पविराम म्हणजे मीठ वाटतं, हाताला येईल तसं शिंपडतात. मी उभ्या उभ्या बघते, चहा होईपर्यंत. लाल खुणा करते. तो बाहेर येतो, पानं उचलतो, जातो. ल्याडोवची दोन पानं मी उलटीसुद्धा करत नाही. पण बाकीचं… बाकीचं अजून आमचंच आहे ना. म्हणजे त्यांचं.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. नेल्लीला कळलं तर हसेल. फाइनाला कळलं तर — नाही, तिला कळता कामा नये.

हा आजचा खास अंक बघितलास? ऐंशी वर्षांचा, रंगीत? ठेवलाय ना तुझ्या पिशवीत. त्याची पानंही आली होती टेबलावर. त्यात बॉयलरच्या हिवाळ्यावर रोदिओननं लिहिलंय, सगळं, वीट, कुऱ्हाड, बटाटे. आणि शेवटी एक परिच्छेद होता — बर्फावरून अंक आणणाऱ्या, आज्यांची फौज उभी करणाऱ्या, जिच्याशिवाय हे वृत्तपत्र उभंच राहिलं नसतं त्या ताइसिया येफिमोव्ना. माझं नाव. वडिलांच्या नावासकट. न विचारता, न बोलता टाकून दिलेलं टेबलावर, बघ म्हणून. मी दोनदा वाचलं. चहा उतू गेला. ‘फौज उभी करणाऱ्या’च्या पुढं स्वल्पविराम राहिला होता. तो मी घातला. मग माझं नाव खोडलं. त्यानंतरचं वाक्यही खोडलं.

माझी दुरुस्ती त्यानं कधी नाकारली नाही, एवढ्या वर्षांत. ह्या वेळी नाकारेल असं वाटलं होतं. काल रात्रभर… जाऊ दे. उघडून बघ हवं तर — नाही, नको, इथं नको उघडूस. रेल्वेत बघ. चौथं पान. नाव नाही तिथं.

ते आवाज टिपायचं यंत्र काय करतंय तुझ्या हातात? बंद कर. नाही, नाव घालून नको आणि नाव न घालताही नको. मी काही बोललेले नाही. कोट घाल, वरचं बटण लाव, बाहेर वारा आहे. टाळ्या थांबल्या, आता दारं उघडतील, रोदिओन पहिला येतो बाहेर, सिगरेटसाठी. जा म्हणते ना! …

—हं, या, या पुढं. ढकलाढकली करू नका. बिल्ला?